दोन विती, दोन बोटं

बसा हो, त्या खुर्चीवर बसा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो आणि मग कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल शोधतो. खुर्ची बसायलाच असते. चहा येतोय. आणि तिच्याबद्दल विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, कारण मी सांगायला लागलो की सुजाता आत निघून जाते. माझ्या बायकोने हा किस्सा दहादा तरी ऐकला असेल, पण शेवटपर्यंत एकदाही नाही.

तर ऐका. गाढवपणा सगळेच करतात. माझा मात्र कतारपासून थेट अमेरिकेपर्यंत पोचला होता, तोही पोस्टाने.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल. मी क्वांटिटी सर्व्हेअर. बिल्डिंगला काँक्रीट किती लागेल, टाइल्स किती, पाइप किती मीटर, हे मोजून द्यायचं. एकवीस वर्षं मोजतोय, त्यातली अकरा दोह्यात. खिशात कायम टेप. कोणाकडे जेवायला गेलो तरी ताटाआधी टेबलाची रुंदी बघतो. साइटवर मला टेपसाहेब म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अशा माणसाचं माप चुकलं. कशाचं चुकलं, तेच सांगतोय.

आमच्या प्रोजेक्टवर मार्क म्हणून एक अमेरिकन सेफ्टीचं काम बघायचा. राहायला दुखानला, तेलवाल्यांच्या वसाहतीत. एका शुक्रवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. दोन्ही बाजूंना नुसती वाळू बघत तासभर गाडी हाकली, पोचलो, त्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मी बोलायचाच थांबलो. सुजाताला वाटलं, माझं बीपी वाढलं.

बीपी नव्हतं हो, खुर्ची होती. पाठ टेकली आणि वाटलं, कोणीतरी माझी पाठ आधी बघून मग ही केलीये. आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो. वरून काम कोणीही गुळगुळीत करतं, कामचुकारपणा खाली सापडतो. म्हणून मी हळूच बैठकीच्या खाली हात घातला. एक कुसळ हाताला लागेना. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंकाचा ओघळ नाही. जिथे कोणी कधी बघणार नाही तिथेही त्या माणसाने तेवढ्याच प्रेमाने हात फिरवला होता.

"मार्क, ही कुठली रे?"

तो म्हणाला, आमच्या ओहायोची. आमिश लोकांनी केलेली. माझी आजी हिच्यावर बसायची, मग आई, आता मी.

हे आमिश म्हणजे जुन्या वळणाचे ख्रिस्ती लोक. घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. कपडे साधे, दाढ्या लांब, शाळा आठवीपर्यंत. आणि लाकूडकाम असं करतात की बघत बसावं. अख्खं लाकूड, सांध्यात सांधा बसवलेला. नक्षी नाही, चकाकी नाही. मार्क सांगत होता आणि मी जेवण सोडून खुर्चीचे हात कुरवाळत होतो.

आता आमच्या घरातलं सामान आठवा. हे दोह्याच्या बिन महमूद भागातलं घर, यातला पलंग लंडनला गेलेल्या एका मल्याळी कुटुंबाचा. कपाट कोणाचं होतं तेही आता आठवत नाही. इथे जाणारा विकतो आणि येणारा घेतो. व्हिसा दोन वर्षांचा, काँट्रॅक्ट दोन वर्षांचं, आणि भुशाच्या फळीचं कपाटही तेवढंच टिकतं. घर बदललं की त्याचे स्क्रू पुन्हा धरत नाहीत. अशा ठिकाणी मी एका खुर्चीवर बसलो होतो जिने तीन पिढ्या पाहिल्या होत्या. मला खरंच भरून आलं. असं काहीतरी आपल्या घरात हवं, असं वाटलं.

पण स्वतःसाठी नाही हं, शपथेवर सांगतो. मला आई आठवली.

आई गावाकडे एकटी होती, कराडच्या अलीकडे. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा सगळा जन्म पाटावर गेला, जेवायला पाट, भाजी निवडायला पाट, पोथी वाचायला पाट. पण गुडघे गेले आणि पाटावर बसलं की उठायला शेजारीण बोलवावी लागायची. मी दर रविवारी फोनवर म्हणायचो, आई इकडे ये. ती म्हणायची, "तितं यिऊन बसू कुटं? तुमच्या त्या सोफ्यात माणूस बुडतंय. मला भाईर काढाय क्रेन आणशील का साईटवरनं?"

मला ती यायला हवी होती. आणि आली की परत जाऊ नये असं वाटत होतं. तिकडे एकटीला काही झालं तर मी पोचणार कधी, हा घोर चार वर्षं मनात होता. त्या दिवशी दुखानहून परतताना मी ठरवून टाकलं की आईला नीट बसायला एक जागा केली, तर आई राहील. माझं सगळं गणित त्या एका खुर्चीवर होतं.

मार्कच्या आईच्या शेजारी एलाय नावाचा म्हातारा आमिश सुतार राहायचा. घरात फोन नाही, त्यामुळे मार्कची आई निरोप्या. एलायचा पहिला निरोप आला, कोणासाठी आहे? पाय जमिनीवर सपाट टेकवून बसल्यावर जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत किती भरतं, तेवढं कळवा. बाकी मी बघतो.

मी आईला फोन लावला. खुर्चीचं सांगायचं नव्हतं, चकित करायचं होतं.

"आई, खाटेवर बस, पाय टेकव, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत किती भरतं सांग."

"कशाला रं?"

"इथल्या डॉक्टरला विचारायचंय."

"थांब." फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. "दोन विती आन् दोन बोटं."

"अगं, सेंटिमीटरमध्ये सांग."

"सेंटीमीटर तुज्या हापिसात. माज्या घरात वीत हाय."

मला फार कौतुक वाटलं. तिकडे बग्गीतून फिरणारा सुतार, इकडे वितीने मोजणारी माझी आई, काय जुळलंय म्हटलं. मी मार्कला सांगितलं, असंच्या असं लिही, दोन विती, दोन बोटं. त्यालाही ते भलतंच आवडलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एलायने लिहिलं होतं, वीत ज्याची त्याची वेगळी असते. आईंचा हात कागदावर ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा आणि कागद पाठवा.

बघा, आठवी शिकलेल्या माणसाला हे कळलं. आणि पुण्यातून इंजिनिअरिंग केलेला, एकवीस वर्षं मोजणारा मी काय म्हणालो? "खुळाच दिसतोय म्हातारा. वीत म्हणजे नऊ इंच. शाळेत पाठ केलंय."

शिवाय आईला हात काढून पाठव म्हटलं असतं तर तिने शंभर प्रश्न विचारले असते. मग पोस्ट, मग तालुक्याचं गाव, महिना गेला असता. त्या आठवड्यात टेंडर भरायचं होतं. मी प्रिंटरमधून एक कागद ओढला, आपला डावा पंजा त्यावर पसरला, साइटची पेन्सिल भोवती फिरवली आणि पाकीट बंद केलं. सगळा मामला एका मिनिटाचा. आईचा हात काय नि माझा काय, घर एकच ना?

एलायचं पुढचं पत्र मार्कने मला गाडीत वाचून दाखवलं. त्यात होतं, हात मोठा आहे. पुष्कळ काम केलेली बाई दिसते. एवढा हात आरामात टेकेल असे खुर्चीचे हात रुंद करतो, बैठकही त्याच बेताने करतो.

माझे डोळे भरून आले हो. मार्कने टिश्यू दिला. म्हणजे लक्षात घ्या, माझ्याच पंजाचं कौतुक ऐकून मी आईच्या कष्टांसाठी रडत होतो.

हिशोब मात्र मी केला होता. माझ्या विती धरल्या तर बैठक पन्नास सेंटिमीटरवर येत होती. साधी खुर्ची पंचेचाळीसची असते. टेपसाहेबाला शंका यायला नको? आली की. पण कराडच्या डॉक्टरने आईला सांगितलं होतं, उंच जागी बसत जा, उठायला सोपं पडेल. मी म्हटलं, झकास, डॉक्टरच्या मनासारखंच झालं.

नऊ महिन्यांनी लाकडी खोक्यातून खुर्ची आली. ती उघडायला मी हनीफभाईंना बोलावलं. हनीफभाई राजापूरकडचे, इथे इंडस्ट्रियल एरियात सुतारकामाच्या वर्कशॉपचे फोरमन. माझ्या साइटची दारं त्यांच्याकडूनच यायची. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि खालून हात फिरवला.

"साहेब, नमाजाला उभं राहावं तसा कामाला उभा राहतो हा माणूस," ते म्हणाले. "फक्त एवढी उंच कोणासाठी?"

"आईसाठी."

"मग आई उंच असतील."

"हो, म्हणजे… तशा आहेत." एवढं बोलून मी अडखळलो. आई माझ्या खांद्याला लागते की छातीला, मला आठवेना. शहाबादी फरशीचा आकार मला झोपेत विचारा.

"असतील, असतील," हनीफभाई म्हणाले आणि चहाला बसले.

पुढच्या आठवड्यात आई आली, दोन महिन्यांच्या व्हिसावर. मी म्हणत होतो, पुढचं पुढे बघू. विमानतळावर तिची बॅग उघडायला लावली, कारण आत चटणी, कुरडया आणि लुगड्यात गुंडाळलेला पाट. त्या अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? आई म्हणाली, "पाट." तो म्हणाला, "पाट?" ती म्हणाली, "व्हय, पाट." त्यावर तो म्हणाला, "खलास, यल्ला," म्हणजे झालं, निघा, आणि बॅग बंद केली. आईने हे आम्हाला इतक्या ऐटीत सांगितलं, जणू अरबीत परीक्षा देऊन आली होती.

"पाट कशाला आणलास गं?"

"बसाय. तुमच्याकडं काय असल, काय नसल."

मी सुजाताकडे बघून डोळा मारला. घरी आलो. खुर्चीवर चादर टाकून ठेवली होती, ती ओढली आणि म्हटलं, "आई, बस."

आईने खुर्चीभोवती एक फेरी मारली. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, एक उसासा टाकला, टाचा उचलल्या आणि चढली. होय, चढलीच. मागे सरकली तशी पावलं जमिनीवरून सुटली. दहा वर्षांची आमची रेवा इंग्लिश मीडियमवाली, मराठी सगळं समजतं पण बोलते इंग्लिशच. ती म्हणाली, "आजी, युअर फीट आर फ्लाइंग."

"रेवा, गप्प," मी म्हटलं. "आई, कशी आहे?"

"लई झ्याक हाय," आई म्हणाली. मी जिंकलो.

त्यानंतर मी जो सुटलो. दर शुक्रवारी कोणी ना कोणी मराठी मंडळी घरी. अल अझीझियाहून जोशी आले, कुलकर्णी आले, ऑफिसातले आले. प्रत्येकाला मी खुर्ची दाखवायचो. खिळा नाही बघा, स्क्रू नाही बघा, आईच्या हाताच्या मापाने केलीये. मग "आई, बसून दाखव" म्हणायचो. आई टाचा उचलून चढायची, हसायची, हात जोडायची. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी "छे हो" म्हणायचो आणि आणखी एकदा हात घालून खालची बाजू दाखवायचो.

दोन आठवड्यांत आईचे पाय सुजायला लागले.

मी घाबरलो. प्रवासाने असेल म्हटलं, मग एसीने असेल म्हटलं, मग नजर गेली तिच्या चटणीच्या डब्यावर. मीठ! बंद केलं. लोणचं, पापड, चटणी, सगळं कपाटात कुलपात. आईच्या ताटात अळणी भाजी. पायांना आवळ मोजे आणले. आणि रोज ऑफिसला निघताना सांगायचो, "आई, ओट्याशी उभी राहू नकोस. पायांना आराम दे. खुर्चीत बसून राहा."

जेवढी सूज चढायची तेवढं मी तिला खुर्चीत बसवायचो. आता हसता आहात ना? हसा. पण तेव्हा तिने मला एका शब्दाने अडवलं नाही.

मधे एलायचं पत्र आलं होतं. एकच प्रश्न होता, आईंचे पाय सपाट टेकतात का? मी ते पत्र आईच्या समोर बसून वाचलं. तिचे पाय माझ्या नजरेपासून दोन हातांवर होते. मी मान वर न करता मार्कला मेसेज केला, त्यांना सांग, छान टेकतात, आई फार खूश आहे.

मग एक दिवस दुपारी धुळीचं वादळ आलं. साइट बंद केली, मी अडीचच्या सुमाराला घरी. कुलूप उघडून आत आलो तर खुर्ची रिकामी, तिच्यावर रेवाचं दप्तर. आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, गाणं नव्हे, असंच काहीतरी गुणगुणत होती. दोह्यात आल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी डोकावलो. बाथरूममधली निळी बादली उपडी घातलेली, तिच्यावर पाट, पाटावर आई. समोर मेथीची जुडी. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. बशीत लोणच्याची फोड. आणि रेवा शेजारी फरशीवर.

रेवाने मला बघितलं आणि म्हणाली, "ओ नो."

आई उठायची धडपड करायला लागली. मी म्हटलं, "अगं बस, बस."

सगळा कट हळूहळू बाहेर आला. रोज मी गेलो की बादली निघायची. कुलपाची दुसरी किल्ली रेवाला माहीत होती. संध्याकाळी रेवा बाल्कनीत पहारा द्यायची. माझी गाडी वळली की ओरडायची, "आजी, बाबा इज कमिंग, यल्ला, गेट ऑन द चेअर!" की आजी पाट पलंगाखाली सरकवून खुर्चीत चढून बसायची आणि मी आलो की झोपेपर्यंत तिथेच सुजलेले पाय लोंबकळत ठेवून म्हणायची, लई झ्याक. त्या दिवशी धुळीत गाडी दिसली नाही, म्हणून सापडल्या.

"सुजाताला माहीत होतं?"

"मम्मा बॉट द बकेट," रेवा म्हणाली. "मोठी वाली. स्मॉल वन वॉज शेकिंग."

मी काय केलं असेन? खिशातली टेप काढली. दुसरं काही येतच नाही ना मला. जमिनीपासून पाटापर्यंत मोजलं. सदतीस सेंटिमीटर.

"आई, हात दे."

"मेथीचा हाय."

"असू दे. वीत पसर."

तिने टेपेवर वीत पसरली. सतरा. दोन विती चौतीस. दोन बोटं ठेवली, तीन. सदतीस. फोनवर सांगितलेलं तिचं माप सूतभरही चुकलेलं नव्हतं. मी माझा पंजा तिच्या पंजाला लावला. तिची बोटं माझ्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंत जेमतेम पोचत होती. एवढासा हात होता. मला माहीतच नव्हतं.

कसं माहीत असणार? वर्षातून एकदा जायचो, गेल्यावर पाया पडायचो, निघताना पाया पडायचो. आपल्यात आईच्या पायाला हात लावतात, तिचा हात हातात कोण घेतं? लहानपणी धरला असेल, तेव्हा तो मोठाच वाटला असणार. तोच मोठा हात डोक्यात राहिला आणि मी तोच पाठवला.

"सांगितलं का नाहीस, आई?"

"काय सांगू? येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगत हुतास, आईसाठी केली, आईसाठी केली. तुजं त्वांड बघून बसत हुते मी."

"शी सेड यू विल क्राय," रेवा म्हणाली.

मी रडलो, हे वेगळं सांगायला नको. आईने मेथीचा हात माझ्या गालाला पुसला आणि म्हणाली, "आता लोणच्याचं कुलूप काढ."

पाय आठवड्यात उतरले. त्या शुक्रवारी मी हनीफभाईंना करवत घेऊन बोलावलं. खुर्चीचे पाय कापून टाका म्हटलं. त्यांनी ती पुन्हा उलटी केली, पुन्हा हात फिरवला.

"साहेब, पाय तिरके आहेत. खालची आडवी पट्टी बघा कुठे बसवलीये. पाच इंच उतरवले तर पट्टी जाणार आणि चारी पाय फाकणार. आणि नसती गेली तरी मी कापली नसती." त्यांनी आईकडे बघितलं. "आईंना मी दुसरी करून देतो. चार दिवसांत."

"नगो बाबा," आई म्हणाली. "आन् हिला करवत लावू नगा. कुणीतरी जीव लावून केलीया." मग माझ्याकडे वळली. "अव्या, तू बस बघू तिच्यात."

तोवर मी एकदाही बसलो नव्हतो. आईची खुर्ची म्हणून. त्या दिवशी बसलो. पाठ टेकली, पंजे खुर्चीच्या हातांवर नेमके बसले, पावलं जमिनीवर सपाट. आयुष्यात इतकं नीट मी कशातच बसलो नाही.

"बग," आई म्हणाली. "तुजीच हाय ती."

त्याच रात्री जेवणाआधी मी विषय काढला. म्हटलं, व्हिसा वाढवतो, मग कायमचा करून घेतो, राहा इथेच. हनीफभाई हवी तशी खुर्ची देतील, हवी तर बादली सोन्याची करतो.

आईने लुगड्याचा काठ गुडघ्यावर सारखा केला. मग म्हणाली, "दोन म्हैनं पाय लोंबकळत हुतं रं. आता टेकू देत. ऱ्हायले असते, पर हितं मला काय काम? तू यील तसा येत जा."

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं. भांडायला हवं होतं. पण ज्या माणसाला आपल्या आईचा हात माहीत नाही, त्याने तिला कुठे बसायचं ते काय सांगावं?

ती निघाली त्या सकाळी मी प्रिंटरमधून कागद काढला. तिचा हात त्यावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. एलायला खरा हात पाठवायचा होता, दुसरी खुर्ची करून थेट गावी पोचवायची होती.

"काय करतुयास?"

"माप घेतोय."

"आता व्हय?" ती हसली. पण हात हलवला नाही. पाट तिने पुन्हा लुगड्यात गुंडाळून नेला. बादली तेवढी ठेवून गेली.

आणि तो कागद? माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. त्या आठवड्यात मार्क सुट्टीवर होता. मग बिलं होती. मग नवीन टेंडर. मग मार्कची बदली झाली, त्याला ईमेल करायचं राहिलं. चुकीचा हात मी एका मिनिटात पाठवला होता. बरोबर हात आठ महिने ड्रॉवरमध्ये पडून होता.

एका सकाळी चुलतभावाचा फोन आला. परड्यात उपड्या बादलीवर पाट टाकून शेंगा निवडत बसली होती म्हणे. इथून शिकून गेलेली युक्ती. शेजारीण चहा घेऊन आली तर मान खाली. पाय टेकलेले होते, असं त्याने का सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं.

मी मिळेल त्या विमानाने रात्री पोचलो. माझ्यासाठी सगळे थांबले होते. सवयीने आधी पायांवर डोकं ठेवलं. मग तिचा हात उचलून हातात घेतला आणि लोक "चला आता" म्हणेपर्यंत तसाच बसून राहिलो.

एलायला मी अजून खरं कळवलेलं नाही. कसं कळवू? त्याच्या लेखी कतारमध्ये मोठ्या हाताची एक कष्टाळू बाई पाय सपाट टेकवून आरामात बसली आहे. म्हाताऱ्याचं काम चोख होतं. ज्याचा हात पाठवला त्याच्या मापाची खुर्ची त्याने केली, सूतभर चूक नाही.

बघा, सुजाता गेलीच आत. चहा तेवढा ठेवून गेली. घ्या. खुर्चीत आरामात मागे टेकून बसा, काही होत नाही तिला, तीन पिढ्या जाईल.

फक्त कप त्या बाजूच्या निळ्या बादलीवर ठेवू नका. अमेरिकेहून मागवली ती माझी खुर्ची. आईची ती आहे.